सोळाव्या वर्षी परवाना नको, एसटी द्या

“अठराचा नियम पुण्या-मुंबईला ठीक आहे, आमच्याकडे तो चालत नाही.” शाळा-कॉलेजांसमोर पोलिसांनी मोहीम उघडली, विद्यार्थ्यांच्या दुचाक्या ठाण्याच्या आवारात उभ्या राहिल्या, की हिंगोली जिल्ह्यात हे वाक्य हमखास ऐकू येते. पालक म्हणतात, गावचे पुढारी म्हणतात, कधी कधी शिक्षकही म्हणतात. त्यामागचा युक्तिवाद असा: गावापासून शाळा दहा-बारा किलोमीटर, एसटीचा भरवसा नाही, बाप शेतात आणि आई मजुरीला. मग पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने गाडी काढली तर त्याचे चुकले काय? शिवाय ते पोर बारा-तेरा वर्षांचे असल्यापासून ट्रॅक्टर हाकते, त्याचा हात बसलेला आहे. तेव्हा ग्रामीण भागासाठी परवान्याचे वय सोळा करा आणि गरिबाच्या मागे लागलेला दंडाचा ससेमिरा थांबवा.

या म्हणण्यातली अडचण खरी आहे आणि ती मी नाकारणार नाही. सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातल्या एखाद्या आडबाजूच्या गावातून सकाळी सातच्या क्लासला पोचायचे म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्यालाच कळते. पण त्या अडचणीवर सुचवलेला हा उपाय घातक आहे, आणि तो अमलात आला तर त्याची किंमत याच जिल्ह्यातली पोरे मोजतील. म्हणून त्याचा प्रतिवाद मुद्द्यामुद्द्याने करायला हवा.

आधी कायदा. ‘सोळा करा’ म्हणणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक नसते की सोळाची वाट कायद्यात पहिल्यापासून आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या चौथ्या कलमाने सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवण्याचे वय अठरा ठरवले. त्याच कलमाने सवलतही दिली: ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी सोळाव्या वर्षापासून चालवता येते. अठराच्या आतल्या मुलाला बिनगिअरच्या गाडीचा शिकाऊ परवाना काढायचा तर पालकाची लेखी संमती लागते. माल किंवा प्रवासी वाहणाऱ्या गाडीसाठी वय वीस आहे. सतरा-अठराच्या पोराला ‘छोटा हत्ती’ देऊन हळदीची पोती मोंढ्यात पाठवणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

ही ५० सीसीची अट कुणी हवेतून काढली नव्हती. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीने लुना बाजारात आणली. ५० सीसीचे इंजिन, सायकलसारखे पायडल, वजनाला हलकी. पेट्रोल संपले तर पाय मारत घरी यावे. मराठवाड्यातल्या कितीतरी शिक्षकांची, पोस्टमनची, ग्रामसेवकांची ती पहिली गाडी. १९८८ चा कायदा झाला तेव्हा सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात द्यायची गाडी म्हणजे अशी गाडी, हे सगळ्यांना उघड दिसत होते. आज ती पेट्रोलची लुना नाही आणि तिच्यासारखी दुसरीही नाही. हिंगोलीच्या कोणत्याही शोरूममध्ये जा. सर्वांत साधी मोटारसायकल शंभर सीसीच्या आसपासची, स्कूटर एकशे दहाची, आणि पोरांचा डोळा असतो तो १२५ ते २०० सीसीच्या गाडीवर. म्हणजे आज ‘सोळा करा’ या मागणीचा व्यवहारातला अर्थ एवढाच की लुनासाठी दिलेली मुभा ताशी नव्वद-शंभर किलोमीटरने सुटणाऱ्या गाडीला द्या. मागणी करणारे हे असे उघड कधी बोलत नाहीत. बोलले तर त्यांनाच ते ऐकवणार नाही.

आणखी एक वाट आज मोकळी आहे. मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेल्या विजेवरच्या दुचाकीला केंद्रीय नियमांप्रमाणे मोटार वाहनच मानत नाहीत. तिला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही. शाळेपुरती गाडी हवी असेल तर ती ही. दहा किलोमीटर अंतर ती अर्ध्या तासात कापते. पण ‘ती पळत नाही’ म्हणून पोरे नाक मुरडतात आणि काही विक्रेते तिची वेगमर्यादा काढून विकतात. २०२२ साली राज्याच्या परिवहन विभागाला अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढावी लागली होती. ज्या पालकाला ताशी २५ चा वेग पुरत नाही, त्याने आपल्या मुलाची गरज शाळेची आहे की वेगाची, हे स्वतःशी एकदा स्पष्ट करून घ्यावे.

आता ‘खेड्यात गर्दी कुठे आहे’ हा मुद्दा. सगळ्यात जास्त फसवणारा मुद्दा हाच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यातले सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले. मेलेल्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे. आणि अठराच्या आतली मुले होती ९,५२८. शहरात कोंडी असते, म्हणून वेग मरतो आणि माणूस वाचतो. खेड्याचा रस्ता मोकळा असतो, म्हणून वेग वाढतो. शाळकरी पोराच्या डोक्याला पहिला मार लागतो तो त्या मोकळ्या रस्त्यावर.

आपल्या जिल्ह्याचा नकाशाच पाहा. अकोला-वाशीमकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ कनेरगाव नाक्यावरून हिंगोलीत येतो, पुढे कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा करत नांदेडकडे आणि थेट तेलंगणात जातो. चौपदरी झाल्यापासून त्याच्यावरच्या ट्रकांचा वेग वाढला. गावागावांचे रस्ते फाट्यावर येऊन त्याला सरळ भिडतात. गावातल्या रस्त्यावर शेळ्या चुकवत आलेले पोर एका वळणात ऐंशी-शंभरच्या वेगाने येणाऱ्या कंटेनरसमोर असते. वसमत भागात गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या जोड ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर. कित्येकांना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मोंढ्यात हळद उतरू लागली की हिंगोली शहराच्या तोंडाशी टेम्पोंची रांग. याला कमी गर्दीचा रस्ता म्हणायचे?

आणि अपघात झाल्यावर काय? हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये मिळाले, ही चांगली गोष्ट आहे. पण डोक्याला गंभीर मार लागलेल्या पेशंटला अजूनही ‘नांदेडला हलवा’ हेच सांगितले जाते. गोरेगाव किंवा सेनगावकडून नांदेड म्हणजे शंभर किलोमीटरच्या पुढची गोष्ट. पुण्यातले पोर पडले तर अर्ध्या तासात मोठ्या इस्पितळात असते. आपले पोर तेवढ्या वेळात ॲम्ब्युलन्सची वाट पाहत असते. खेडे आहे म्हणून नियम सैल करा असे म्हणणाऱ्यांनी हे गणित उलटे मांडून पाहावे. इस्पितळ जितके दूर, तितका नियम कडक हवा.

‘हात बसलेला आहे’ या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. शेतकऱ्याचे पोर क्लच, ब्रेक, गिअर लवकर शिकते. पण परवाना हातासाठी नसतो, अंदाजासाठी असतो. समोरून येणाऱ्या ट्रकला किती वेळ लागेल, पुढच्या जीपचा चालक आता अचानक थांबणार का, पावसाच्या पहिल्या सरीत डांबर किती निसरडे होते, हा अंदाज शेतात येत नाही. कायद्यानेही शेत आणि रस्ता वेगळे मानले आहेत: अठराचे बंधन सार्वजनिक ठिकाणाला आहे, म्हणजे जिथे लोकांना येण्याजाण्याचा हक्क आहे अशा जागेला. स्वतःच्या वावरात पोराने पाळी घातली तर या कलमाखाली तो गुन्हा होत नाही. ते वावर सोडून ट्रॉली जोडून रस्त्यावर येते, तेव्हा प्रश्न त्याच्या एकट्याच्या जिवाचा राहत नाही. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर बायका ४ एप्रिल २०२५ रोजी ट्रॅक्टर-ट्रॉलीतून कामाला निघाल्या होत्या. नांदेड तालुक्यातल्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर विहिरीत गेला आणि सात जणी मेल्या. त्यात कुणाचा किती दोष, हे न्यायालय पाहील. मी तो दिवस आठवतो तो एवढ्याचसाठी, की आपल्याकडे ट्रॅक्टर हे माणसे वाहणारे वाहन आहे आणि त्याच्या स्टिअरिंगवर कोण बसले आहे हा प्रश्न आपण ट्रॉलीत चढताना विचारत नाही.

शिवाय सोळा वर्षांचे पोर एकटे गाडी चालवते का? मागे दोघे असतात. ट्रिपल सीट, एकाच्या हातात मोबाइल, शेजारून दुसरी गाडी आणि मध्ये ‘कट मारण्याची’ चुरस. मागे समवयस्क बसले की कुमारवयीन चालकाचा धोका वाढतो, हे परदेशी अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. ते कळायला अभ्यासाचीही गरज नाही, कॉलेज सुटण्याच्या वेळी रस्त्याकडेला उभे राहिले तरी पुरते.

परदेशाचे नाव निघाले की सामनेवाले अमेरिकेचा दाखला देतात: तिथे चौदाव्या-सोळाव्या वर्षी गाडी मिळते. मिळते, पण कशी ते सांगत नाहीत. कॅन्सस राज्यात शेतकऱ्याच्या मुलाला चौदाव्या वर्षी शेतीपुरता परवाना मिळतो; तो शेतकामासाठी आणि सरळ रस्त्याने शाळेत जाण्या-येण्यासाठी, आणि भावंडांखेरीज इतर मुलांना गाडीत बसवायला मनाई. ब्रिटनमध्ये सोळाव्या वर्षी मोपेड चालवता येते, पण ती ५० सीसीची, सक्तीचे प्रशिक्षण घेतल्यावर, आणि शिकाऊ असेपर्यंत मागे कुणाला न बसवता. न्यूझीलंड हा तर शेतकऱ्यांचा आणि मेंढपाळांचा देश. तिथे पंधराव्या वर्षी परवाना मिळे. त्या देशाने १९८७ मध्ये परवान्याला पायऱ्या घातल्या: आधी शिकाऊ, मग मर्यादित, मग पूर्ण. मर्यादित परवान्यावर रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवायची नाही, जाणता चालक सोबत नसेल तर इतर कुणाला बसवायचे नाही. एवढे करूनही पोरे मरत राहिली, म्हणून २०११ मध्ये त्यांनी वय पंधरावरून सोळावर नेले. खेड्यांच्या देशाने वय वाढवले, कमी केले नाही. अमेरिकेतही १९९६ मध्ये फ्लोरिडापासून राज्याराज्यांत हीच पायऱ्यांची पद्धत आली.

आपल्याकडे पायऱ्या कोणत्या? शिकाऊ परवाना काढा, तीस दिवस थांबा, पक्का परवाना घ्या. रात्रीचे बंधन नाही, मागे बसणाऱ्यांवर बंधन नाही. शिकाऊ परवान्याची परीक्षा जून २०२१ पासून महाराष्ट्रात घरबसल्या देता येते, आणि ती खरेच उमेदवाराने दिली की नेट कॅफेतल्या पोराने, हे अनेकदा देवालाच माहीत. अशा व्यवस्थेत अठराचे सोळा करणे म्हणजे आहे तोच ढिसाळ कारभार दोन वर्षे लवकर सुरू करणे. पायऱ्यांचा परवाना आणा, रात्रीची बंदी आणा, परीक्षा आरटीओच्या मैदानावर खऱ्या अर्थाने घ्या. मग सोळाची चर्चा करू. मी त्या चर्चेला तयार आहे. आज जे मागितले जाते आहे त्यात यातले काहीच नाही, फक्त आकडा बदलायचा आहे.

‘सगळे चालवतातच, मग कायदा कशाला?’ हा युक्तिवाद ऐकला की मला राग येतो. आपल्या मराठवाड्यात अठराच्या आतल्या मुलींची लग्नेही होतात. कायदा मोडला जातो म्हणून मुलीच्या लग्नाचे वय पंधरावर आणा, असे सुचवण्याची हिंमत कुणी करेल का? दोन्ही ठिकाणी अडचण सांगितली जाते तीच: गरिबी, अंतर, ‘आमच्याकडे असेच असते’. दोन्ही ठिकाणी निर्णय मोठ्यांचा आणि भोगणे लेकरांचे.

याच ओघात एक चतुर वाटणारा मुद्दा येतो: सोळाव्या वर्षी पोरावर प्रौढ म्हणून खटला चालू शकतो, मग त्याला परवाना का नाही? बाल न्याय कायदा, २०१५ ने सोळा ते अठरा वयातल्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची मुभा दिली ती फक्त निर्घृण गुन्ह्यांसाठी, ज्यांना किमान सात वर्षांची शिक्षा आहे. दिल्लीत २०१६ मध्ये एका अल्पवयीन मुलाने मर्सिडीजखाली एका तरुणाला चिरडले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ जानेवारी २०२० रोजी शिल्पा मित्तल खटल्यात न्यायालयाने सांगितले की किमान सात वर्षांची शिक्षा नसलेला गुन्हा ‘निर्घृण’ या वर्गात बसत नाही. त्यामुळे त्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालणार नाही. पुण्याच्या कल्याणीनगर प्रकरणातही बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये तशीच मागणी फेटाळली. म्हणजे गाडीने माणूस मारणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला कायदा बालकच मानतो. शिक्षेच्या वेळी बालक आणि गाडीच्या वेळी प्रौढ, असे दोन्हीकडून घेता येणार नाही.

कल्याणीनगरचे नाव आले तर त्यावर थोडे थांबतो, कारण ‘हा नियम श्रीमंतांच्या पोरांसाठी ठेवा’ ही भावना तिथूनच बळावली. १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाने विनानोंदणीच्या पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांना उडवले. काही तासांत जामीन, आणि जामिनाची एक अट ३०० शब्दांचा निबंध. मग ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलल्याचे उघड झाले, डॉक्टरांना अटक झाली, बापाला अटक झाली. साऱ्या महाराष्ट्राचा संताप झाला आणि तो योग्यच होता. पण त्यातून हिंगोलीकराने काढलेला धडा मला मान्य नाही. त्या घरात कोट्यवधींची गाडी अल्पवयीन मुलाच्या हातात गेली, आपल्या घरात कर्ज काढून घेतलेली शंभर सीसीची गाडी जाते. गाडीच्या किमतीत फरक आहे. किल्ली देणाऱ्या हाताच्या जबाबदारीत फरक नाही. श्रीमंताचा बाप वकील उभे करील, नमुने बदलायला माणसे शोधील. आपण वावर विकू. म्हणून तर गरिबाने ही किल्ली अधिक जपायला हवी.

वावर विकण्याची गोष्ट मी वाढवून सांगत नाही. परवाना नसलेल्या पोराने अपघात केला की विम्याचे काय होते, हे गाडी घेताना कुणी सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात ठरवले: चालकाकडे परवाना नसेल आणि मालकाने त्याबाबत निष्काळजीपणा केला असेल, तर विमा कंपनीने मृताच्या वारसांना भरपाई द्यावी आणि ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करावी. २०११ च्या जवाहरसिंग खटल्यात मोटारसायकल मालकाचा अल्पवयीन पुतण्या घेऊन गेला होता. तिथेही जबाबदारी मालकावर ठेवून त्याच्याकडून वसुलीचा कंपनीचा हक्क न्यायालयाने कायम ठेवला. कमावत्या माणसाचा जीव गेला तर भरपाई काही लाखांच्या घरात जाते. ती वसूल होते सातबाऱ्यावरून. आणि आपलेच पोर गेले तर मालक-चालकाचा जो वैयक्तिक अपघात विमा गाडीसोबत घेतलेला असतो, तोही परवाना नसलेल्या चालकाला मिळत नाही.

आता दंडाविषयी. इथे मी सामनेवाल्यांच्या बाजूने अर्धे पाऊल येतो. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १९९-अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. पालकाची संमती होती असे न्यायालय गृहीत धरते. नव्हती हे पालकाने सिद्ध करायचे. २५ हजार म्हणजे २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावाने पाच क्विंटलांहून जास्त सोयाबीन. हमीभाव मिळाला तर, हेही जोडून म्हणावे लागते. कोरडवाहू दोन-तीन एकराच्या माणसाला हा दंड झेपणारा नाही.

शिक्षा अशी अवजड असली की ती दिली जात नाही. पोलीस पोराला दम देतो, हजार-पाचशेवर मिटवतो किंवा गावातून फोन आला की सोडून देतो. पंचवीस वर्षांपर्यंतची परवानाबंदी तर सरळ उलटी पडते: ज्याला नऊ वर्षे परवाना मिळणार नाही, तो नऊ वर्षे बिनपरवाना गाडी चालवील. पोटासाठी चालकाची नोकरी करू शकणाऱ्या गरीब पोराची वाटही तिने बंद होते. म्हणून माझे म्हणणे असे: दंड झेपेल एवढा करा, पण तो प्रत्येक वेळी आणि प्रत्येकाला करा. पहिल्या खेपेला गाडी पंधरा दिवस ठाण्यात, पालकाने स्वतः येऊन लेखी हमी द्यायची. मग तो शेतमजूर असो की जिल्हा परिषदेचा सदस्य. पंचवीस वर्षांची बंदी जीवघेण्या गुन्ह्यापुरती ठेवा. कायदा सौम्य करा ही मागणी मी समजू शकतो. वय कमी करा, ही नाही.

पोलिसांच्या आधी दुसरे दोघे आहेत. पहिली शाळा. अनेक शाळांनी आवारात विद्यार्थ्यांच्या गाड्यांना बंदी घातली, त्यामुळे गाड्या समोरच्या टपरीशेजारी, मंगल कार्यालयाच्या भिंतीला उभ्या राहू लागल्या. फाटकातून आत आली नाही म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे मुख्याध्यापकांनी मानू नये. पालक सभेत नाव घेऊन सांगावे. दुसरे खासगी क्लासवाले. पहाटे साडेसहाची बॅच ठेवायची, त्या वेळी एकही एसटी पोचत नाही हे माहीत असायचे, आणि विद्यार्थी कसे येतात याच्याशी आपला संबंध नाही म्हणायचे. नांदेड-लातूरच्या धर्तीवर हिंगोलीत क्लास वाढले. त्यांच्या वेळा बसच्या वेळांशी जुळवायला लावणे प्रशासनाला अवघड नाही.

आणि आता मूळ दुखण्याकडे. हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा जिल्हा झाला. पाच तालुके, २०११ च्या जनगणनेत ११,७७,३४५ लोकसंख्या. एसटीच्या हिशेबात मात्र तो अजून परभणी विभागातच आहे. आगारे तीन: हिंगोली, वसमत, कळमनुरी. सेनगाव आणि औंढा नागनाथ हे तालुके असूनही त्यांना स्वतःचे आगार नाही. औंढ्याला ज्योतिर्लिंग आहे, यात्रेला जादा गाड्या सुटतात. रोज शाळेला जाणाऱ्या पोरासाठी जादा गाडी नाही. ऑक्टोबर २०२१ अखेरपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला. त्याआधी कोरोनात बस बंदच होत्या. माझे निरीक्षण असे की त्या दोन वर्षांत ज्या घरात शाळकरी पोराच्या हाती गाडी गेली, त्या घरात ती नंतर परत काढून घेतली गेली नाही. ज्या फेऱ्या तेव्हा बंद झाल्या, त्यातल्या कितीतरी ‘प्रवासी नाहीत’ या कारणाने पुन्हा सुरू झाल्या नाहीत. प्रवासी नाहीत, कारण ते मोटारसायकलवर गेले. ते मोटारसायकलवर गेले, कारण बस नव्हती.

परवान्याचे वय सोळावर आणले तर या दुष्टचक्रावर सरकारी शिक्का बसेल. मग एसटीच्या अधिकाऱ्याला उत्तर सोपे: मुलांकडे आता कायदेशीर गाड्या आहेत. ज्याच्या घरी गाडी नाही तो भूमिहीन मजुराचा मुलगा, आणि गाडी असली तरी जिला ती दिली जात नाही ती मुलगी, ही दोघे रस्त्यावर उभी राहतील. मुलींसाठी आज काही तरी आहे: मानव विकास कार्यक्रमाच्या बस आहेत, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली आहेत, अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीचा मोफत पास आहे. बस भरलेली राहिली तरच हे सगळे टिकते. मुलगे मोटारसायकलवर गेले आणि फेरी तोट्यात गेली, तर त्या फेरीबरोबर त्यांच्या बहिणींची शाळाही जाते. ‘सोळा करा’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधीच मांडलेला नाही.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. तिच्या बैठकीत अपघातप्रवण ठिकाणे, गतिरोधक, फलक यांची चर्चा होते. या समितीने एक काम अंगावर घ्यावे: शाळा, कॉलेज आणि क्लास यांच्या वेळा आणि तिन्ही आगारांचे वेळापत्रक एकाच टेबलावर ठेवावे, आणि जून महिन्यात शाळा उघडण्यापूर्वी ते जुळवावे. जिथे मोठी बस जात नाही तिथे छोटी गाडी लावावी. फाट्यावर उतरणाऱ्या मुलांसाठी निवारा आणि दिवा असावा. परवान्याचे वय बदलायला संसद लागते. हे करायला जिल्हा पुरेसा आहे.

पालकांना माझी विनंती आहे. वय कमी करा म्हणून मोर्चा काढण्याची ताकद तुमच्यात आहे, तर ती बससाठी लावा. विद्यार्थ्यांना एसटीचा पास ६६.६७ टक्के सवलतीत मिळतो, मुलींना तो फुकट आहे; तुमच्या पेट्रोलपेक्षा तो स्वस्त पडतो. गावातून रोज किती मुले कोणत्या वेळी कुठे जातात याची यादी करा, येत्या ग्रामसभेत बसच्या मागणीचा ठराव घ्या, आणि त्याची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना व दुसरी एसटीच्या परभणी विभाग नियंत्रकांना पाठवा. पोच घ्यायला विसरू नका.